चौथा क्रूस

तालुक्याहून आलेला कागद पोलीस पाटील लालासाहेब चावडीच्या पायरीवर उभे राहून मोठ्यानं वाचत होते, तेव्हा शालूबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन समोरून चालली होती. पिंपळखडीच्या कबरस्तानात पुरलेल्या चार गोऱ्या सोल्जरांची हाडं सरकार उकरून पुण्याला नेणार होतं. खडकीला मेलेल्या साहेबांसाठी एक मोठं कबरस्तान बांधायचं चाललं होतं. गावोगाव पडलेले साहेब तिथं एका जागी गोळा करायचे होते. येत्या सोमवारी लष्कराची गाडी येणार. गावानं वाटेतले धोंडे काढून ठेवावेत, पाणी भरून ठेवावं आणि गर्दी करू नये.

बाकीचं शालूबाईनं ऐकलंच नाही. चार म्हटल्याबरोबर तिचे पाय थांबले. मग ती पाटीसकट उलटी वळली आणि उकिरड्याकडं जायचं सोडून तरातरा कबरस्तानाकडं निघाली.

कारण त्या कबरस्तानात गोरे तीनच होते. चौथ्या क्रुसाखाली तिचा नवरा होता.

कृष्णात बेचाळीस सालापासून फरारी होता. त्यानं तारा तोडल्या, सरकारी दप्तर जाळलं, आणि सरकारनं त्याच्या डोक्यावर इनाम लावलं. दिवसा तो डोंगरावर इलाहीच्या बकऱ्यांच्या वाड्यात लपायचा. चव्वेचाळीसच्या चैत्रात भर दुपारी एक लष्करी विमान धूर ओकत आलं आणि पठारावर आपटलं. इलाही सांगतो, मी अजून उभा राहतोय तोवर कृष्णात पळत सुटला होता. इलाहीला वाटलं, गडी बंदुका काढायला चाललाय. पण ह्या बहाद्दरानं बंदुकांकडं बघितलंसुद्धा नाही. पेटलेल्या विमानात शिरून त्यानं एक गोरा बाहेर ओढला, मग दुसरा ओढला. तिसऱ्यासाठी आत गेला आणि टाकी फुटली. ओढून काढलेले दोघेही दिवस मावळायच्या आत मेले. म्हणजे एकही वाचला नाही आणि आपला माणूस गेला तो गेलाच.

"का गेला त्यो?" शालूबाईनं इलाहीला पन्नास वेळा विचारलं होतं. "ज्यांच्या नावानं दोन वरसं दात खाल्लं, त्यास्नी काढाय का गेला?"

"आतनं वरडत हुता की गं कोनतरी," इलाही दर वेळी एवढंच सांगायचा. "पोरसवदा आवाज हुता."

ह्या उत्तरानं तिचं डोकं जास्तच फिरायचं.

उन्हाचे दिवस, मढी ठेवता येईनात. गावात ख्रिस्ती कबरस्तान नाही. मग मुसलमानांच्या कबरस्तानाचा राखणदार कुतुबुद्दीन, म्हणजे इलाहीचा चुलता, म्हणाला की आमच्या कोपऱ्यात जागा आहे, आणा. कृष्णातला जाळायचं म्हटलं तर धूर कुणाचा हे सांगावं लागलं असतं. तो डोंगरात होता कुणाकडं, त्याला भाकरी कोण द्यायचं, हे सगळं निघालं असतं, आणि अख्खी मुसलमान आळी तुरुंगात गेली असती. म्हणून म्हाताऱ्यानं चार खड्डे एका ओळीत खणले. तिसऱ्या दिवशी त्या वेळचा फौजदार आला. नाकाला रुमाल लावून लांबून त्यानं मातीचे ढीग मोजले, चार भरले, आणि लिहून टाकलं, चार युरोपियन मयत. घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. महिन्याभरानं लष्कराची माणसं लाकडी क्रूस घेऊन आली. तिघांच्या गळ्यातल्या पत्र्याच्या चकत्या म्हाताऱ्यानं पुरताना काढून ठेवल्या होत्या, त्यावरची नावं तीन क्रुसांवर लागली. चौथ्यावर लिहिलं, नाव माहीत नसलेला सोल्जर. सरकारच्या लेखी गोरा मेला म्हणजे त्याला नाव नसलं तरी क्रूस मिळतो. आपल्या माणसाला नाव होतं, गाव होतं, बायको होती. त्याला मिळालं काय, तर दुसऱ्याचा क्रूस.

ही गोष्ट चौघांना ठाऊक होती. शालूबाई, तिचा सासरा दादासो, कुतुबुद्दीन आणि इलाही. कृष्णात कागदावर अजून जिवंत होता, म्हणून शालूबाईचं कुंकू अजून कपाळावर होतं. दोन वर्षं तिनं वडाला दोरा गुंडाळला, संक्रांतीचं वाण घेतलं. महिन्याकाठी पोलीस येऊन विचारायचे, नवरा कुठाय. ती म्हणायची, तुमीच हुडका, सापडला तर माज्याकडंबी धाडा. शेजारची धोंडुबाई तर पोलिसाचा पट्टा दिसला की मुद्दाम अंगणात येऊन गळा काढायची, "शाले, तुजा दाल्ला कुन्या रांडंकडं पडलाय गं? बायकू हितं शेन काढतीया आन् ह्यो तिकडं मजा मारतोय." शालूबाई दात आवळून ऐकायची. धोंडुबाईच्या तोंडात शेणगोळा कोंबावा असं तिला कितीदा वाटलं होतं.

कबरस्तानाच्या दगडी गडग्यापाशी कुतुबुद्दीन चिंचेखाली बसला होता. शालूबाईनं पाटी दाणकन खाली टाकली.

"चाचा, सोमवारी त्याला पुन्याला न्याय लागलेत."

म्हातारा उठून उभाच राहिला. 

"शुक्रवारच्या आत काढू," सगळं ऐकून तो म्हणाला. "तिथनं काढून आत घेऊ, आमच्या लोकांत. चौथा खड्डा रिकामा ठिवू. सायबाला म्हनू, कोल्ह्यानं उकारला."

"काढलाच तर माज्याकडं द्या. मी जाळीन त्याला. त्याच्या बापाच्या हातनं अग्नी दीन."

"देतो, पोरी. तुजाच हाय त्यो."

घरी सासऱ्याचा निराळाच सूर. दादासो खाटेवर बसून सुतळी वळत होता. मान वर न करता तो म्हणाला, "जाऊ दे त्येला पुन्याला."

"काय म्हंता मामंजी?"

"आगं, हितं ऱ्हाऊन काय भेटलं त्येला? आमावस्येला निवद दावाय जायची चोरी. थितं दगडी चौथरा असंल, माळी झाडाला पानी घालंल. राजाच्या इतमामात ऱ्हाईल माजं पोर."

"राजाच्या?" शालूबाई अशी कडाडली की दाव्याची म्हैस उठून उभी राहिली. "ज्या राजाच्या तारा तोडल्या त्याच्या? जिता हुता तवा सायबाच्या हाती गावला न्हाई त्यो. आन् आता मेल्यावर सायबाचा सोल्जर म्हनून त्याला पुन्याला धाडू? आवं, वर जाऊन त्यो तुमाला इचारंल, बाबा, मला कुनाच्या पंगतीला बशिवलं? काय सांगशीला?"

दादासोनं सुतळी खाली ठेवली. "आन् काढताना घावलीस तर? इलाही तुरुंगात जाईल. त्येच्या लेकरांचं कोन बगंल?"

त्याचंही खोटं नव्हतं. शालूबाईला रात्रभर झोप आली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रश्नच मिटला. नव्या फौजदारानं कबरस्तानावर दोन शिपाई आणून बसवले. साहेबांच्या हाडांना भूमिगतांपासून धोका आहे म्हणे. जिवंत माणसांच्या घरांवर दरोडे पडत होते तेव्हा ह्या तालुक्याला एक शिपाई मिळाला नाही. मेलेल्या गोऱ्यांना दोन मिळाले, आणि ते दोघे खुशाल चिंचेखाली जेवून, झोपून पहारा करत राहिले. रात्रंदिवस.

आता काढणं राहिलंच नाही. शालूबाईनं मनाशी ठरवून टाकलं. पेटी गाडीत चढली की आपण चाकाखाली पडायचं. मग जे होईल ते होवो.

सोमवारी गर्दी करू नये असं बजावलेलं असल्यामुळं अख्खं गाव झाडून हजर होतं. शेजारच्या दोन वाड्यांची माणसंही आली होती. पोरांना खांद्यावर घेऊन बाप उभे, गडग्यापलीकडं बायकांची रांग, कुणी भुईमुगाच्या शेंगा आणलेल्या. निवडणुकीच्या सभेलाही एवढी माणसं जमली नव्हती. लष्कराची गाडी धूळ उडवत आली तेव्हा कुत्र्यांनी तिच्यामागं वेशीपासून शर्यत लावली.

गाडीतून एक लालबुंद तरुण कप्तान उतरला. हातात फळी, फळीला कागद. त्याच्या मागोमाग मराठा पलटणीचा एक जमादार उतरला, छातीवर पट्ट्या, मिशीला पीळ. नाव हंबीरराव, गाव कडेगाव. हे त्यानं उतरल्या उतरल्या पोलीस पाटलाला सांगितलं, आणि पाणी प्यायच्या आधी विचारलं, "ऊस कसा हाय तुमच्याकडं अवंदा?" बायकांत कुजबुज झाली, आपलाच हाय की रं ह्यो. फौजदारासाठी खुर्ची आणलेली होती. तो खानदेशातून सहा महिन्यांखाली बदलून आला होता, आणि त्याला इथलं पाणी, इथली भाषा आणि इथली माणसं यांतलं काहीही पचत नव्हतं.

खणायला लष्कराची चार माणसं होती, शिवाय म्हाताऱ्या चुलत्याच्या जागी कबरी खणणारा म्हणून इलाहीच्या हाती फावडं दिलं होतं. शालूबाईनं गडग्यावरून बघितलं तर त्याचा सदरा पहिल्याच खड्ड्याला घामानं पाठीला चिकटला होता.

पहिला निघाला. हंबीररावनं खड्ड्यात उतरून हातानं माती सारली, हाडं एकेक करून ताडपत्रीवर मांडली, बुटाचं कातडं, बक्कल, सगळं कप्तानाला सांगितलं. कप्तानानं लिहिलं. पेटी बंद झाली, नावाची पट्टी लागली. दुसरा निघाला. तिसऱ्याला वेळ लागला, कारण त्याचं फारसं काही शिल्लकच नव्हतं. हाच तो आतून ओरडणारा असावा, शालूबाईच्या मनात आलं. दोन वर्षं तिनं त्या पोराला शिव्या दिल्या होत्या. आता बघितलं तर पेटी अशी हलकी की एकाच माणसानं उचलून नेली. कुणाच्या तरी पोटचा हा असा डब्यात भरलेला, आणि त्याची आई सातासमुद्रापलीकडं. खडकीला ती काय कप्पाळ येणार? शालूबाईनं तोंड फिरवलं. तिला त्या पोराची कीव करायची नव्हती.

मग चौथा क्रूस उपटला.

तिनं गडगा दोन्ही हातांनी धरला. फावडं खाली खाली जात होतं. कमरेइतकं खणल्यावर इलाहीचं फावडं थांबलं. तो बाजूला सरला, त्याच्यानं पुढं बघवेना. हंबीरराव उतरला, गुडघ्यावर बसला, मातीत हात घातला. छाती, हात, मग कंबर. तिथं त्याचा हात थबकला. त्यानं काहीतरी बोटांनी पुसलं, उन्हाला धरून बघितलं, आणि हळूच उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "ये सोल्जर नहीं है. ये हमारा हिंदुस्थानी आदमी है."

त्याच्या हातात चांदीचा करगोटा होता. काळा पडलेला, पण करगोटाच. आपल्याकडं पोर जन्मलं की त्याच्या कमरेला बांधतात तो. गोऱ्या सोल्जराच्या कमरेला तो कुठून येणार? हंबीररावला बिचाऱ्याला काय माहीत होतं? भलताच माणूस भलत्या पेटीत जाऊ नये एवढंच त्यानं पाहिलं. इमानी गडी होता, आणि त्या दिवशी त्याच्या इमानानंच घात केला.

फौजदार खुर्चीतून ताडकन उठला. खड्ड्याच्या काठाशी येऊन त्यानं आत डोकावलं, आणि त्याच्या डोळ्यांत अशी चमक आली की जणू समोर हाडं नसून बढतीचा हुकूमच पडला आहे.

"हिंदुस्थानी? कोण आहे हा? साहेबाच्या नावाखाली कुणी पुरला?" तो गर्रकन इलाहीकडं वळला. "खणणारा तूच ना रे? बोल. या भागातले फरारी आम्ही चार वर्षं शोधतोय. हाडं पंचनाम्याला घ्या. सगळी हाडं साताऱ्याला जातील. आणि तूही जाशील."

इलाहीच्या तोंडातून शब्द फुटेना. शिपाई पुढं झाले.

शालूबाईच्या डोक्यात एकदम लखलखीत उजेड पडला. माजा हाय म्हटलं तर इलाही गेला, चाचा गेला, आणि कृष्णातही गेला, सरकारी पुरावा म्हणून, गोणपाटात बांधून. गप्प बसलं तरी तेच. मग त्याला इथं ठेवायचा एकच रस्ता होता. तो दुसऱ्या कुणाचा तरी व्हायला पाहिजे होता. जाळायचा, अग्नी द्यायचा, दोन वर्षं मनात धरलं ते सगळं सोडून द्यायला पाहिजे होतं, आणि तेही स्वतःच्या तोंडानं.

तिनं पदर खोचला आणि गडग्यावरून उडी मारून आत गेली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"आवं कुतुबचाचा," ती कंबरेवर हात ठेवून गरजली, "तोंड शिवलंय का तुमचं? तुमच्या दावलची कबर उकारली ह्यास्नी, आन् तुमी बगत बसलाय?"



कुतुबुद्दीन पाच वक्त नमाज पढणारा माणूस. जन्मात कधी खोटं बोललेला नाही, बकरी विकताना तिचा लंगडा पाय आधी दाखवणारा. त्यानं शालूबाईकडं बघितलं. तिनं बघितलं त्याच्याकडं. म्हाताऱ्याच्या हातातली काठी गळून पडली आणि तो मटकन खाली बसला.

"या अल्ला," तो दोन्ही हातांनी छाती बडवत म्हणाला, "माज्या दावलला मेल्यावरबी सुक न्हाई. मुसलमानाची कबर उघडली रं. ह्ये दिवस बगाय मी जित्ता का ऱ्हायलो?"

पहिल्यांदाच खोटं बोलत होता, पण असं बोलला की शालूबाईच्याच अंगावर काटा आला.

"कोण दावल?" फौजदार ओरडला.

"माजा धाकला चुलतभाऊ. तापानं गेला. पठारावर इमान पडलं त्याच आटवड्यात."

"मग वर क्रूस कसा?"

आता पुढं आले पोलीस पाटील लालासाहेब. सरकारी माणूस, सरकारचा पगार खाणारा. लालासाहेबांना तर ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. संपलं सगळं, तिला वाटलं.

"त्याचं असं झालं साहेब," लालासाहेब फेटा सारखा करत म्हणाले, "सोल्जर तीनच होते. शेजारी दावलची ताजी कबर. आपल्या आधीच्या फौजदारसाहेबांनी ढीग मोजले चार, लिहिले चार. घोड्यावरून मोजले. आता साहेबांनी चार म्हटल्यावर तीन म्हणायची माझी काय छाती? दावलच्या मयताला मी स्वतः होतो की. खांदा दिलाय मी."

शालूबाई त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली.

फौजदार क्षणभर गडबडला. मग त्याला सापडलं. त्यानं हंबीररावच्या हातातला करगोटा ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर नाचवला. "आणि हे? मुसलमान कधीपासून करगोटा घालायला लागले? मला काय गाढव समजता?"

इलाहीला आता कुठं वाचा फुटली. "कदीपासनं म्हंजे? जल्मल्यापासनं."

आणि त्यानं भर सभेत सदरा वर केला, विजारीच्या नाडीवरून काळा गोफ ओढून दाखवला. त्याच्यामागून कासम तांबोळ्यानं सदरा वर केला. मग बाबालाल मुलाणी, मग पिंजारआळीतले तिघे भाऊ. म्हातारा हुसेन अत्तार तर पुढं येऊन म्हणाला, "माजा चांदीचा हाय, हात लावून बगा." पंधरावीस मुसलमान बाप्ये ओळीनं पोटं उघडी टाकून उभे, आणि प्रत्येकाच्या कमरेला करगोटा. कुणाचा काळ्या गोफाचा, कुणाचा लाल, कुणाचा चांदीचा. पिंपळखडीत पोर जन्मलं की म्हातारी आधी करगोटा बांधते. मग ती म्हातारी कुणाच्याही घरची असो. हे खानदेशातून आलेल्या फौजदाराला कुठल्या दप्तरात वाचायला मिळणार?

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

"ये लोग क्या करता है?" कप्तान घाबरून दोन पावलं मागं सरला.

"सबूत देता है, साहेब," हंबीरराव मिशीतला केससुद्धा न हलवता म्हणाला.

तेवढ्यात गडग्यापलीकडून धोंडुबाईचा आवाज आला. शालूबाईचा जीव पुन्हा टांगणीला लागला. ह्या बाईच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं.

"दावल व्हय," धोंडुबाई म्हणाली. "लय गुनाचं पोर हुतं. हसाय लागलं की माजी म्हस दावं तोडायची, असं हसायचं."

असा कृष्णात हसायचा.

"सापाला लय भ्यायचा," न्हावी म्हणाला. "डोंगरात ऱ्हायचा आन् सापाला भ्यायचा."

फौजदाराचे कान टवकारले. "डोंगरात का राहायचा?"

"बकरी काय चावडीत चारत्यात, सायेब?" इलाही म्हणाला, आणि हशा पिकला.

मग कुणी थांबेचना. दावल कुस्तीत मान कशी अडकवायचा, दावलला आंबटढाण ताक कसं लागायचं, दावल तमाशात शेवटपर्यंत कसा बसायचा आणि घरी येताना गाणं म्हणून सगळी आळी कशी उठवायचा. फौजदार एकाकडून दुसऱ्याकडं मान फिरवत होता. तो ऐकत होता मेलेल्या दावलबद्दल. शालूबाई ऐकत होती तिच्या माणसाबद्दल. दोन वर्षं तिनं हे नाव कुणापुढं काढलं नव्हतं, कुणी तिच्यापुढं काढलं नव्हतं, आणि आज सगळं गाव भर उन्हात, पोलिसासमोर, त्याच्यासाठी बोलत होतं.

शेवटी गर्दीतून दादासो पुढं आला. काठी टेकत खड्ड्यापर्यंत गेला, आत बघितलं.

"पोटच्या पोरागत हुता मला," तो म्हणाला. "दुसऱ्याला काढाय गेला आन् सोता गेला." आणि म्हातारा सगळ्यांदेखत रडायला लागला.

तापानं मेलेला दावल कुणाला काढायला गेला होता, हे विचारायचं फौजदाराला सुचलं नाही. शालूबाईला मात्र तेव्हा सगळं कळलं. चौघांना ठाऊक होतं म्हणे. सगळ्या गावाला ठाऊक होतं. लालासाहेबांना, न्हाव्याला, हळदीकुंकू लावणाऱ्या बायकांना. धोंडुबाईला तर नक्कीच. पोलीस आला की ती मुद्दाम बोंब मारायची, नवरा रांडेकडं गेलाय म्हणून, आणि पोलीस तेच लिहून न्यायचा. दोन वर्षं ह्या भवानीनं शालूबाईच्या मनातल्या शिव्या खाल्ल्या होत्या. शालूबाईनं वळून तिच्याकडं बघितलं. धोंडुबाईनं शेंगेचं फोलपट थुंकलं आणि मान दुसरीकडं केली.

हंबीरराव कप्तानाला हलक्या आवाजात समजावत होता. मुसलमानाची कबर आहे, साहेब. आपण उघडली. लोक बघताहेत. दिवस बरे नाहीत. कप्तानाचा लाल चेहरा पांढरा पडला. त्यानं फळीवरच्या चौथ्या ओळीवर भराभरा काट मारली. फौजदार काहीतरी सांगायला गेला, पंचनामा, चौकशी, सातारा. कप्तान त्याच्यावर असा खेकसला की फौजदारानं आपोआप दोन्ही टाचा जोडल्या. मग कप्तानानं डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली, आणि खड्ड्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. फौजदारालाही टोपी काढावी लागली. ज्याला धरायला सरकारनं जंगजंग पछाडलं, त्याच्यापुढं सरकार भर दुपारी बोडक्यानं उभं होतं. आणि सरकारला त्याचा पत्ताच नव्हता.

हंबीररावनं करगोटा फौजदाराच्या हातातून परत घेतला, खड्ड्यात उतरून होता तिथं ठेवला. माती त्यानं लष्कराच्या माणसांना लोटू दिली नाही. स्वतः लोटली. हळू हळू, हातानं.

गाडी निघायच्या आधी तो शालूबाईच्या घागरीपाशी पाणी प्यायला आला. तांब्या वरून ओतून घेत त्यानं विचारलं, "वैनी, ह्यो दावल तुमचा कोन?"

"गाववाला."

त्यानं मिशी पुसली. "मीबी कडेगावचा हाय. आमच्याकडंबी असलं चारदोन दावल हायती."

आणि तो गाडीत चढला. तीन पेट्या घेऊन गाडी गेली, मागं फौजदाराचा टांगा गेला, चिंचेखालचे शिपाई गेले. पोरं रिकाम्या खड्ड्यांत उड्या मारायला लागली, त्यांना इलाहीनं हाकललं. माणसं पांगली. बोलत, हसत, आज काय झालं ते एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत.

चौथ्या कबरीपाशी चौघंच उरली. कुतुबुद्दीन मातीवर हात फिरवत बसला होता.

"पोरी," तो म्हणाला, "उद्या वारंट उठंल. राज्य बदलाय लागलंय. तवा तू न्याय येशील ह्याला, जाळाय. पर मी सगळ्या गावाम्होरं म्हनलोय, ह्यो माजा भाऊ. कबरीत घातलेला भाऊ मी उकरून कसा देऊ?"

दादासोनं सुनेकडं बघितलं. शालूबाईनं वाकून एक मूठ माती घेतली. दोन वर्षांखाली तिला ती टाकायला मिळाली नव्हती. कबरीवर टाकली, दुसरी घेतली, तीही टाकली.

"मी न्हाई येनार न्याय," ती म्हणाली. "लय जनांनी हालवून बगितलं त्याला. आता हालवायचा न्हाई."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग त्यानं दोन्ही तळवे वर केले, डोळे मिटले आणि दुवा मागायला सुरुवात केली. अरबी शब्द शालूबाईला कळत नव्हते, पण मध्येच एक नाव आलं, ते कळलं. दावल.

तिनं त्याच्या खांद्याला हात लावला.

"आवं चाचा, फौजदार गेला. आता तरी खरं नाव घ्या."

कुतुबुद्दीननं डोळे उघडले. गडग्यापलीकडं नजर टाकली, रस्त्यावर अजून धूळ उडत होती. मग त्यानं तळवे पुन्हा वर केले, आवाज चढवला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"कृष्णात वल्द दादासो, रहाणार पिंपळखडी," तो म्हणाला.